सकाळी न उठणारी जुनी डिझेल एसयूव्ही: टाकीपासून इंजेक्टरपर्यंतचा तपास

चिपळूणहून कराडला निघालो होतो. गाडीत सात माणसं, टपावर सामान, आणि कुंभार्ली घाटाच्या चढावर गाडीने मान टाकली. बंद पडली नाही, पण एक्सिलेटर दाबला तरी पुढे जाईना. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा पेटला. पाच मिनिटं थांबून किल्ली बंद-चालू केली की पुन्हा दोन वळणं चालायची. त्याआधी तीन आठवडे सकाळी सेल्फ लांबत चालला होता, पण बॅटरी जुनी झाली असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं.

परत आल्यावर गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, इंजिनच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला दोषाचा कोड वाचला आणि म्हणाला, "पंप गेलाय साहेब. इंजेक्टरपण धरून चला." आकडा ऐकून मी गाडी तशीच घरी आणली. गल्लीत एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक काका राहतात. त्यांनी बॉनेट उघडलं आणि फक्त एवढंच सांगितलं, "उद्या सकाळी सेल्फ मारायच्या आधी हँडपंप मार. कडक होईपर्यंत. मग सेल्फ मार." (हँडपंप म्हणजे फिल्टरजवळचा, हाताने दाबून डिझेल पुढे ढकलणारा छोटा पंप.) दुसऱ्या दिवशी पहिल्या झटक्यात गाडी सुरू. दोष पंपात नव्हता, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरमध्येही नव्हता. फिल्टरमधून पंपाकडे जाणारा रबरी पाइप होजक्लिपच्या खाली, नजरेला दिसणार नाही अशा जागी चिरला होता. पाइप आणि दोन क्लिपा मिळून चहा-नाश्त्याच्या खर्चात काम झालं.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: टाकीपासून सुरुवात आणि इंजेक्टर सगळ्यात शेवटी. बहुतेक गॅरेजमध्ये तपास नेमका उलटा सुरू होतो, कारण कोड रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या जाड नळीच्या, दाबाचा येतो आणि रेलच्या शेजारी पंप दिसतो.

आधी रचना समजून घ्या

स्कॉर्पिओ, सफारी यांसारख्या गाड्यांत २००५-०६ च्या सुमारास कॉमन रेल डिझेल इंजिनं आली. पुढचं सगळं त्यांना धरून आहे. त्याआधीच्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांना टाकी, पाइप आणि फिल्टर इथपर्यंतचा भाग लागू पडतो, त्यापुढचा नाही.

डिझेलच्या वाटेचे दोन भाग आहेत. पहिला कमी दाबाचा: टाकी, टाकीतली जाळी, पाइप, फिल्टर आणि पाणी वेगळं करणारी वाटी. काही गाड्यांत टाकीतच इलेक्ट्रिक पंप असतो. काहींत तो नसतो, मोठ्या पंपालाच जोडलेला छोटा पंप डिझेल ओढून घेतो. दुसरा भाग जास्त दाबाचा: मोठा पंप, त्यावरचा किती डिझेल आत घ्यायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह, रेल, रेलवरचा सेन्सर आणि इंजेक्टर. उरलेलं डिझेल रिटर्न लाइनने परत जातं.

इंजिन आयडलला (गाडी उभी, एक्सिलेटर न दाबता) असताना रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार दाब असतो आणि पूर्ण जोरात तो १,६०० बारपर्यंत जातो. टायरमध्ये आपण जेमतेम अडीच बार हवा भरतो, म्हणजे इथे काय चाललंय याची कल्पना यावी.

म्हणून एक गोष्ट सगळ्यात आधी. इंजिन चालू असताना जास्त दाबाच्या लोखंडी पाइपांचा नट ढिला करायचा नाही, आणि गळती बोटाने चाचपायची नाही. जुन्या इंजिनात मिस्त्री एकेक नट ढिला करून कुठला सिलिंडर मिसिंग करतोय ते बघायचे, हवा काढायचे. ती सवय इथे जिवावर बेतू शकते. या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते, बाहेर फक्त टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत हाताचं मांस सडायला लागतं. असं झालं तर दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा. पाइप उघडायचाच असेल तर इंजिन बंद करून निदान दहा मिनिटं जाऊ द्यावीत.

पायरी १: गाडी नेमकं काय करते ते लिहून काढा

वहीत लिहा, खरंच. गॅरेजमध्ये "पिकअप नाही" एवढंच सांगितलं की पुढचं निदान समोरचा आपल्या मनाने करतो.

सकाळी सेल्फ लांबतो पण दिवसभर गाडी चटकन सुरू होते? रात्रीतून डिझेल टाकीकडे उतरतंय, म्हणजे कुठून तरी हवा घेतेय. गाडी गरम झाल्यावरच सुरू व्हायला त्रास देते? इंजेक्टरचा रिटर्न वाढलेला असण्याचा किंवा पंप झिजल्याचा संशय. वीस-पंचवीस मिनिटं छान चालून बंद पडते, दहा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी पुन्हा पळते? टाकीतली जाळी. कचरा ओढला जाऊन जाळीला चिकटतो, इंजिन थांबलं की गळून खाली बसतो. हे लक्षण इतकं ठळक आहे, तरी त्यापायी लोक सेन्सरमागून सेन्सर बदलत बसतात.

फक्त चढावर किंवा ओव्हरटेक करताना मरते आणि सपाटीवर ठीक असते, तर आधी फिल्टर, मग हवा, मग बाकीचं. टाकीचं झाकण उघडताना जोरात "फुस्स" आवाज येऊन हवा आत गेली, तर टाकीचा श्वास कोंडलाय. झाकण ढिलं ठेवून एक फेरी मारून बघा, फरक पडला तर व्हेंट साफ करा. एवढं सोपं फार क्वचित निघतं, पण तपासायला एक पैसा लागत नाही.

धुराचा रंगही लिहा. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी, आणि त्यात एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप, अडकलेला ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) हेही आरोपी असतात. सुरू होताना पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल.

पायरी २: डिझेल सोडून बाकीचे संशयित बाजूला काढा

कॉमन रेल गाडी रेलमध्ये पुरेसा दाब बनल्याशिवाय इंजेक्टर उघडतच नाही. तो दाब सेल्फच्या वेगावर बनतो. त्यामुळे अर्धमेल्या बॅटरीवर गाडी फिरते, पण पेटत नाही, आणि बोल पंपाला लागतो. मल्टिमीटर बॅटरीला लावून सेल्फ मारा. आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर पहिल्यांदा बॅटरी, तिच्या तारा आणि इंजिनची अर्थिंग बघा.

क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरतंय ते कॉम्प्युटरला सांगणारा) मेला की सेल्फ मारताना टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणारा, काटा बहुतेक गाड्यांत हलत नाही. महाबळेश्वरच्या किंवा नाशिकच्या थंडीतच त्रास होत असेल तर थंड इंजिन आतून तापवणारे ग्लो प्लग तपासून घ्या. आणि गाडी चार-सहा दिवस जागेवर उभी राहत असेल तर उंदीर. हसू नका. बॉनेटखाली घुशीने कुरतडलेला रिटर्न पाइप आणि इंजेक्टरची वायर मी एकाच गाडीत, एकाच सकाळी पाहिली आहे.

पायरी ३: फिल्टरच्या वाटीतलं पाणी बघा

फिल्टरच्या तळाशी ड्रेन स्क्रू असतो. खाली काचेची पारदर्शक बाटली धरा, स्क्रू ढिला करा आणि साधारण अर्धा पेला डिझेल काढा. काही गाड्यांत ते आपोआप उतरत नाही, हँडपंप मारावा लागतो. बाटली खिडकीत दहा मिनिटं ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून पाणी असेल तर तळाशी वेगळा थर स्पष्ट दिसतो आणि मध्ये रेघ ओढल्यासारखी दिसते.

चमचाभर पाणी पावसाळ्यात चालून जातं. निम्मी बाटली पाणी निघालं तर फक्त फिल्टर बदलून भागणार नाही, टाकी रिकामी करावी लागेल. तळाला काळा, बुळबुळीत गाळ दिसला तर पाणी आणि डिझेलच्या सीमेवर वाढणारे जिवाणू-बुरशी टाकीत बसलेत. फार दिवस उभ्या असलेल्या गाडीत हे होतं. तिथेही टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही.

आता तेच डिझेल स्टीलच्या किंवा पांढऱ्या ताटलीत ओता आणि उन्हात हलवा. दिवाळीच्या रांगोळीत चमकी मिसळल्यासारखे चंदेरी कण चमकले तर तिथेच थांबा, गाडी सुरूही करू नका. मोठा पंप आतून स्वतःला खातोय आणि ते कण रेलमधून इंजेक्टरपर्यंत गेलेत. अशा वेळी नुसता पंप बदलला तर जुने कण नवे भाग काही दिवसांत संपवतात. टाकी, पाइप, रेल, इंजेक्टर सगळं साफ किंवा बदली, हा एकच मार्ग. जुन्या गाडीसाठी तो खर्च करायचा का, हा निर्णय घरात बसून घ्या, गॅरेजच्या काउंटरवर नको.

पायरी ४: फिल्टर, आणि तो बसवण्याची पद्धत

शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल तर बदलाच. कंपनीचा किंवा त्या दर्जाचा घ्या. फिल्टरमध्ये वाचवलेले दोनशे रुपये इंजेक्टर व्याजासकट वसूल करतो.

नवा फिल्टर बसवताना नवी ओरिंग (जोड हवाबंद करणारी रबरी कडी), डिझेलचं बोट फिरवून. जुनी ओरिंग वाटीला चिकटून राहिलेली असते आणि नवी तिच्यावरच बसते, हा प्रकार घाईत हमखास होतो. मग बाहेर थेंब दिसत नाही पण हवा आत जाते. नव्या फिल्टरमध्ये कॅनमधलं डिझेल वरून ओतून भरायची पद्धत मला पसंत नाही, कारण ते डिझेल न गाळता थेट स्वच्छ बाजूला जाऊ शकतं. हँडपंप मारा, तो कडक होईपर्यंत. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर किल्ली सेल्फ न मारता पाच-सहा वेळा ऑन-ऑफ करा, दर वेळी काही सेकंद थांबून. तोवर सेल्फ मारायचा नाही. कोरडा फिरलेला पंप झिजतो, कारण त्याला वंगण डिझेलचंच असतं.

पायरी ५: हवा कुठून शिरते

माझा सगळा घोळ इथे होता, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

ओढणाऱ्या बाजूच्या गळतीची गंमत अशी की तिच्यातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. त्यामुळे खाली डाग नाही, वास नाही, आणि मिस्त्री "गळती नाही" म्हणून मोकळा होतो. इंजिन बंद झालं की त्याच चिरेतून हवा शिरून डिझेल टाकीकडे परत जातं. सकाळचा लांबलेला सेल्फ तो हाच. चढावर डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, हवाही जास्त येते, रेलचा दाब पडतो, इंजिनचा कॉम्प्युटर घाबरून ताकद कापतो. म्हणजे सकाळ आणि घाट हे दोन वेगळे आजार वाटले, तरी चीर एकच होती.

तपासायला हार्डवेअरच्या दुकानातून डिझेल सोसणारा पारदर्शक पाइप, मूळ पाइपाच्या आतल्या व्यासाचा, वीतभर आणा. फिल्टर आणि पंप यांच्या मधल्या कमी दाबाच्या जोडात तो तात्पुरता बसवा, हँडपंप मारा, इंजिन सुरू करा आणि बघत राहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे जाणारच. पाच मिनिटांनीही बुडबुड्यांची माळ चालूच असेल तर हवा त्या ठिकाणाच्या आधी कुठेतरी शिरतेय. मग तोच पाइप फिल्टरच्या आधीच्या बाजूला लावा. तिथे बुडबुडे नाहीत आणि पुढे आहेत, तर दोष फिल्टरमध्ये, त्याच्या डोक्यात, हँडपंपात किंवा त्या जोडांत. दोन्हीकडे बुडबुडे, तर टाकीकडे जा. माझ्या गाडीत फिल्टरच्या अगदी तोंडाशी डिझेल स्वच्छ होतं आणि पंपाच्या तोंडाशी सोड्याच्या बाटलीसारखं. मध्ये फक्त एक फूट रबर.

क्लिप काढून पाइपाचं टोक दुमडून बघा. वरून धडधाकट दिसणारं रबर दुमडल्यावर चिरा दाखवतं. पाइप नवा घेताना डिझेलसाठीचाच मागा. पाण्याचा किंवा एअरचा पाइप महिनाभरात फुगतो. आणि पारदर्शक पाइप तपास झाला की काढून टाका. बॉनेटच्या उष्णतेत तो टिकत नाही.

पायरी ६: आता स्कॅनर

तुमची गाडी २०१३ च्या आधीची असेल तर ऑनलाइन मिळणारं स्वस्त ब्लूटूथ डोंगल तिला जोडलं जाईलच असं नाही. त्या कंपनीचा प्रोटोकॉल बोलणारा स्कॅनर असलेला माणूस गाठा. कोड पुसायच्या आधी फोटो काढा.

पी००८७ म्हणजे रेलचा दाब कमी. हा कोड पंपाचं नाव घेत नाही, फक्त दाब पोचला नाही एवढंच म्हणतो. गुदमरलेला फिल्टर, हवा, अडकलेला मीटरिंग व्हॉल्व्ह, उघडा राहिलेला रिलीफ व्हॉल्व्ह (रेलचा जादा दाब सोडणारा), रिटर्नला जास्त सोडणारा इंजेक्टर आणि झिजलेला पंप, सहाही जण हाच कोड देतात. पी०१९० ते पी०१९३ रेल सेन्सर आणि त्याच्या वायरिंगचे. पी०२०१ ते पी०२०४ इंजेक्टरच्या सर्किटचे, एक ते चार सिलिंडर. आधी कपलर काढून पिना बघा. हिरवा गंज दिसला तर पार्ट मागवायच्या आधी कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

कोडपेक्षा लाइव्ह आकडे जास्त बोलतात. तीन गोष्टी बघायला सांगा. एक, रात्रभर उभ्या गाडीत नुसती किल्ली ऑन केल्यावर रेलचा दाब शून्याच्या आसपास हवा. तिथेच पन्नास-साठ बार दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची अर्थिंग खोटं बोलतेय. दोन, सेल्फ मारताना दाब किती वेळात दीडशे-दोनशे बारच्या पुढे जातो. तीन, कॉम्प्युटर मागतोय तो दाब आणि प्रत्यक्ष मिळतोय तो दाब, गाडी चालवताना, चढावर. दोघे बरोबरीने चालले तर तुमचा दोष डिझेलच्या दाबात नाहीच, टर्बो-हवेकडे वळा.

पायरी ७: रिटर्नची चाचणी

चारही इंजेक्टरच्या डोक्यावरून रिटर्नचे छोटे पाइप काढा, रिटर्न लाइनचं मोकळं तोंड बंद करा आणि प्रत्येक इंजेक्टरला एकसारखी छोटी बाटली लावा. इंजिन दोन-तीन मिनिटं आयडलला चालवा. चारही बाटल्यांत साधारण सारखी पातळी हवी. एकीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट असेल तर तो इंजेक्टर रेलचा दाब खातोय. चारही भरपूर सोडत असतील तर सगळेच दमलेत. इंजिन सुरूच होत नसेल तर सेल्फवरही हे बघता येतं.

रिटर्नच्या प्लास्टिक निपल्स जुन्या गाडीत बिस्किटासारख्या तुटतात. आधीच दोन आणून ठेवा.

यानंतरही दाब बनत नसेल, कमी दाबाची बाजू निर्दोष असेल, मीटरिंग व्हॉल्व्ह आणि रिलीफ व्हॉल्व्ह तपासून झाले असतील, तरच "पंप गेलाय" हे वाक्य मान्य करावं.

इंजेक्टर लॅबमध्ये द्यायचेच झाले तर

काढण्याआधी प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर लिहा. लॅबकडून छापील रिपोर्ट मागा: पूर्ण भार, मधला भार, आयडल, पायलट इंजेक्शन (मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा) आणि रिटर्न, या प्रत्येकाचं मोजमाप हवं. "चेक केले, ओके आहेत" हा रिपोर्ट नाही.

परत बसवताना खालचे तांब्याचे वॉशर नवेच. जुना वॉशर पलटून बसवला की तिथून कंप्रेशन फुसफुसत बाहेर येतं आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. तो पुढच्या वेळी छिन्नी-हातोड्याशिवाय निघत नाही. बोल्ट टॉर्क पान्ह्याने, मॅन्युअलमधल्या आकड्यावर. ज्या गाड्यांत इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो, तिथे नवा इंजेक्टर बसवल्यावर तो कोड कॉम्प्युटरमध्ये भरावा लागतो. तो न भरता गाडी दिली तर आयडलला थरथर आणि धूर राहतो, आणि दोष नव्या इंजेक्टरला जातो.

एक इशारा. इंजिनमधून अचानक टाचणी ठोकल्यासारखा कडक आवाज येतोय, पांढरा धूर आहे आणि ऑइलची डिपस्टिक मागच्या आठवड्यापेक्षा वर दाखवतेय, तिला डिझेलचा वास आहे, तर गाडी ढकलून बाजूला घ्या. इंजेक्टर उघडा अडकलाय. अशा इंजिनात पिस्टन वितळतात. काही इंजिनांत पंपाच्या सीलमधूनही डिझेल ऑइलमध्ये उतरतं. दोन्हीकडे इलाज तोच: आधी दोष काढा, मग ऑइल बदला, मगच सेल्फ.

पेट्रोल पंपावर डिझेल भरताना काय बघायचं

फिल्टर पेपर चाचणी (कागदावर थेंब टाकून डाग राहतो का बघायची) पेट्रोलसाठी आहे. डिझेलसाठी घनता मोजून मागा. पंपावर त्या दिवशीची नोंद असते आणि घनमीटरमागे तीन किलोपेक्षा जास्त फरक नसावा. मापाबद्दल शंका असेल तर पाच लिटरचं माप मागण्याचा हक्क आहेच. भूमिगत टाकीत टँकर खाली होत असताना तिथे भरू नका, तळाचा गाळ ढवळलेला असतो.

एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ डिझेल आलं, त्यात गंधक दहा लाखांत दहा भाग. बीएस-४ मध्ये ते पन्नास होतं. गंधक कमी म्हणजे वंगण कमी, अशी भीती घालून डिझेलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक गाड्यांचं) ऑइल ओतायचा सल्ला देणारे बरेच आहेत. वंगणाची मर्यादा डिझेलच्या मानकातच घालून दिलेली आहे, ती रिफायनरी सांभाळते. मी ओतत नाही. रॉकेल तर नकोच, त्याने पंप खरोखर कोरडा होतो.

चुकून पेट्रोल भरलं गेलं, तर किल्ली ऑनसुद्धा करायची नाही, कारण टाकीतला पंप तेवढ्यानेच सुरू होतो. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या आणि टाकी तिथेच रिकामी करा. पाच लिटरच तर गेलंय, वर डिझेल भरून चालवू, असं म्हणणारा पंपावर एक तरी भेटतोच.

दुरुस्तीनंतर

गाडी घरासमोर दहा मिनिटं आयडलला ठेवा आणि पुठ्ठा घेऊन प्रत्येक जोडाखाली फिरवा. मग चढाची फेरी, शक्य असेल तर गाडी भरून. पुण्याकडच्यांना खंबाटकी किंवा ताम्हिणी आहेच. दुसऱ्या सकाळी हँडपंप न मारता सेल्फ मारा आणि किती सेकंद लागले ते वहीत लिहा. दोनशे किलोमीटरला ऑइलची पातळी, हजारला फिल्टरच्या वाटीतलं पाणी पुन्हा. टाकी धुतली असेल तर हजार किलोमीटरलाच फिल्टर पुन्हा बदला, कारण धुतल्यावर सुटलेला उरलासुरला गंज त्यातच येऊन बसतो.